भाषांतराची पारख आणि पाळकाची लीनता

पवित्र शास्त्राचे कोणते भाषांतर विश्वसनीय मानावे, हा प्रश्न पाळक आणि सुवार्तिक वारंवार करतात. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या आधारे मंडळीला उपदेश करावयाचा, ज्यातून मरणोन्मुख माणसाला धीर द्यावयाचा आणि ज्यावरून लहान मुलांना शिक्षण द्यावयाचे, तो ग्रंथ खात्रीचा असावा अशी अपेक्षा प्रत्येक जबाबदार सेवकाची असणारच. तथापि हा प्रश्न बहुधा एखाद्या वस्तूविषयी करावा तसा केला जातो. जणू पुस्तके पुढ्यात मांडलेली आहेत आणि पारख करणारा त्यांच्याहून वरच्या जागी बसलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे. भाषांतर पारखणारा पाळक स्वतः कोठे उभा आहे हे ठरल्याखेरीज त्याची पारख भरवशाची होत नाही, असे आमचे मत आहे.

पारखीचा विषय निघाला की इंदुरातील आमच्या वाचकांना सराफा आठवल्यावाचून राहणार नाही. राजवाड्यालगतच्या या बाजारात दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या उघडतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच समोर खाण्याची दुकाने लागतात आणि भुट्ट्याचा किस, गराडू व जिलबी यांसाठी मध्यरात्र उलटेपर्यंत लोकांची दाटी असते. या दुसऱ्या कीर्तीपुढे पहिली थोडी झाकली गेली आहे खरी. पण हा बाजार मूळचा पारखीचा. सोने पारखण्याची जुनी रीत साधी होती. सराफ काळ्या दगडावर डागिना घासून त्याची रेघ काढी. तिच्याशेजारी ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढी. दोहोंवर तेजाब लावी आणि कोणती रेघ किती टिकते ते पाही. हा दगड म्हणजे कसोटी. ‘कसदार’, ‘हिणकस’, ‘बावनकशी’ हे आपल्या नित्याच्या बोलण्यातले शब्द याच दगडावरून आले आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकटी रेघ काहीच सांगत नाही. दोन रेघा शेजारी असाव्या लागतात, आणि त्या पाहणारा डोळा सवयीने तयार झालेला व निःस्वार्थी असावा लागतो. ज्या सराफाला तो डागिना स्वस्तात विकत घ्यावयाचा आहे, त्याच्या डोळ्याला रेघ फिकी दिसण्याचा संभव असतोच.

नव्या करारात पारखीसाठी जो ग्रीक शब्द येतो तो याच व्यवहारातला आहे. ‘दोकिमाझो’ हे क्रियापद धातू किंवा नाणे खरे की खोटे हे तपासण्याला लावीत असत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल सर्व गोष्टींची पारख करावयास सांगतो तेथे हाच शब्द आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभी विश्वासाची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केली आहे, तेथेही याच कुळातला शब्द आहे. परंतु पाळकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे स्थळ निराळेच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सत्याचे वचन नीट हाताळणाऱ्या कामकऱ्याचे वर्णन येते, आणि तेथे ‘दोकिमोस’, म्हणजे कसाला उतरलेला, हे विशेषण वचनाला लावलेले नसून कामकऱ्याला लावलेले आहे. कसोटीवर घासला जाणारा डागिना तेथे सेवक स्वतः आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल देवाच्या वचनाचा किरकोळ धंदा करणाऱ्यांचा उल्लेख करतो. तेथील क्रियापद ‘कापेलोस’ म्हणजे किरकोळ विक्रेता, विशेषतः द्राक्षारस विकणारा, या शब्दापासून आलेले आहे. असा विक्रेता द्राक्षारसात पाणी मिसळतो अशी त्या काळी ख्याती होती. तेव्हा भेसळीचा संशय आपण भाषांतरकारावर घेतो त्याच्या आधी प्रेषिताने तो उपदेशकावर घेतलेला आहे. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

हा क्रम उलटा झाला की काय घडते हे आपल्या व्यासपीठांवर अधूनमधून दिसते. उपदेशाच्या ऐन भरात पाळक म्हणतो, “मराठीत असे दिले आहे, पण ते चूक आहे; मुळात निराळेच आहे.” मंडळी स्तब्ध होते. उपदेशकाच्या विद्वत्तेची छाप पडते. पुष्कळदा त्या ‘मुळा’चा अर्थ एखादे इंग्रजी भाषांतर किंवा एखाद्या टीकाग्रंथातील तळटीप एवढाच असतो. पण हा त्यातला किरकोळ दोष झाला. मोठी हानी निराळ्या ठिकाणी होते. मागल्या बाकावर एखादी आजीबाई बसलेली असते. तिला लिहितावाचता येऊ लागले तेच मुळी या पुस्तकावरून. तिच्या प्रतीचे कोपरे झिजले आहेत, पुठ्ठा दोऱ्याने बांधला आहे. त्या रविवारी ती घरी जाते ती आपल्या हातातील पुस्तक चुकीचे आहे एवढे एकच शिकून. कोठे चूक आहे आणि कोठे बरोबर, हे तिला पाळकाखेरीज दुसरा कोणी सांगू शकत नाही. म्हणजे पुस्तकावरील तिचा भरवसा काढून घेऊन पाळकाने तो स्वतःवर वळवून घेतला. सुधारणेच्या काळात ज्या मध्यस्थीविरुद्ध एवढी झुंज झाली, तीच मध्यस्थी येथे ग्रीक कोशाच्या आडून परत येते.

भाषांतरातील उणेपणा कधी दाखवूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक भाषांतरात उणे असते. ते दाखविण्याची रीत कोणती, एवढाच प्रश्न आहे; आणि या बाबतीत इंदूर, देवास, उज्जैन या बाजूच्या आमच्या मराठी बांधवांना एक लाभ आहे ज्याची त्यांना स्वतःलाच फारशी जाणीव नसते.

होळकरांमुळे माळव्यात मराठी घराणी स्थायिक झाली आणि मराठी बोली घराघरांत टिकली. १८७७ साली कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मंडळीचे मिशन इंदुरास आले, १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज स्थापन झाले. परंतु या मिशनच्या कार्याची भाषा प्रामुख्याने हिंदी राहिली. त्यामुळे येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबाची स्थिती बहुधा अशी असते की, उपासना हिंदीत, कौटुंबिक प्रार्थना मराठीत. मंदिरात हिंदी बायबल, घरी मराठी. तरुण पाळकाला ही अडचण वाटते. एकाच वचनाचे दोन पाठ ऐकून लोकांचा गोंधळ होईल, तेव्हा कोणते तरी एक पक्के करून टाकावे, असे त्याला वाटते. आम्ही त्याला सराफ्यातील दोन रेघांची आठवण देऊ. ज्या तुलनेसाठी इतरत्र कोश चाळावे लागतात ती तुलना येथे आजीबाईच्या मांडीवरच्या पुस्तकात आणि तिच्या नातवाच्या पुस्तकात तयार आहे.

काही उदाहरणे घेऊ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हाकेत जो ग्रीक शब्द आहे त्यासाठी प्रचलित मराठी भाषांतर ‘पश्चात्ताप’ म्हणते. प्रचलित हिंदी भाषांतर ‘मन फिराओ’ म्हणते. ग्रीक ‘मेतानोइया’ या शब्दात मन किंवा बुद्धी बदलण्याची कल्पना आहे, आणि तिच्यामागे इब्री संदेष्ट्यांचा ‘शूव’ म्हणजे मागे वळणे हा शब्द उभा आहे. मराठी शब्दात मागाहून होणारा ताप आहे, जळणे आहे. केवळ मराठी शब्दावर आधारलेला उपदेश डोळ्यांतील आसवांपाशी थांबण्याचा धोका आहे; केवळ हिंदी शब्दावर आधारलेला उपदेश, जळल्यावाचूनच माणूस वळू शकतो असे सुचविण्याचा धोका आहे. यांपैकी चूक कोणते? आमच्या मते कोणतेच नाही. दोघांनी मूळ शब्दाची एकेक बाजू धरली आहे, आणि ज्या मंडळीला दोन्ही भाषा येतात तिला शब्द अधिक पूर्णपणे ऐकू येतो.

तसेच ‘खारिस’ या शब्दाचे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कशाने होते हे सांगताना मराठी ‘कृपा’ म्हणते, हिंदी ‘अनुग्रह’. मराठी कानाला अनुग्रह म्हटले की गुरूने शिष्याला दिलेला मंत्र आठवतो. अनुग्रह ‘घ्यावा’ लागतो, त्यासाठी अधिकार लागतो. हिंदी वाचकाच्या कानी तो अर्थ तितका ठळक नसतो. इंदुरातील मराठी आजीबाई हिंदी वचन ऐकते तेव्हा ती नकळत मराठी अर्थ ऐकत असण्याचा संभव आहे, आणि पाळकाला हे ठाऊक नसेल तर आपला उपदेश कोठे पोहोचला हे त्याला कधीच कळणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी मराठीत ‘शब्द’ आहे, हिंदीत ‘वचन’. दिलेला शब्द आणि दिलेले वचन दोन्ही पाळावयाचे असतात, म्हणून येथे अंतर थोडे आहे. पण पौलाचा ‘दिकायोस’ मराठीत ‘नीतिमान’ होतो आणि हिंदीत ‘धर्मी’, तेथे अंतर बरेच पडते. नीती म्हटले की आचरण डोळ्यांपुढे येते, धर्म म्हटले की कर्तव्य आणि पंथ. पौलाच्या शब्दामागे न्यायालय आहे, आणि ते चित्र दोहोंतही पुरते उमटत नाही. अशा ठिकाणी पाळकाने समजावून सांगणे अवश्य आहे. मात्र “हे चूक आहे” असे म्हणण्याऐवजी “आपल्या भाषेने एवढे धरले आहे, एवढे बाहेर राहिले आहे” असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या हातातील पुस्तक त्याच्या हातातच राहते.

लीनतेचा शब्दही या परीक्षेतून सुटलेला नाही. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू स्वतःविषयी जे दोन शब्द वापरतो ते मराठीत ‘सौम्य’ आणि ‘लीन’ असे आहेत, हिंदीत ‘नम्र’ आणि ‘दीन’. ग्रीक ‘तापेइनोस’ याचा मूळ अर्थ खाली असलेला, सखल. ग्रीक समाजात हे विशेषण प्रशंसेचे नव्हते. गुलामाला, हलक्या दर्जाच्या माणसाला ते लावीत. मराठीतील ‘लीन’ हा शब्द भक्तीच्या परंपरेतून आलेला, सुंदर आणि आदरणीय आहे. त्यात वाकणे आहे, विरून जाणेही आहे. पण त्यात अप्रतिष्ठा नाही. हिंदीतील ‘दीन’ अप्रतिष्ठेच्या अधिक जवळ जातो. आम्हां पाळकांना लीन म्हणवून घेणे आवडते, दीन म्हणवून घेणे आवडत नाही, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

आता आपल्या भाषेतील भाषांतरांचा इतिहास थोडा पाहू. कारण विश्वसनीयता कशातून येते हे तो चांगले शिकवितो. मराठीत शास्त्र छापण्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला नाही, तो बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान प्रसिद्ध केले, त्याच वर्षी मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश आणि १८११ साली नवा करार. त्यांचा मराठीचा आधार म्हणजे नागपूरकडील वैजनाथ पंडित. केरींचे श्रम अचाट होते. तरीही १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हे भाषांतर कोकणातील व देशावरील लोकांत चालविता येईना, आणि गॉर्डन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यांचा नवा करार १८२६ साली पूर्ण झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने मरण पावले. पुढे मुंबईच्या बायबल सोसायटीच्या वतीने सुधारणेमागून सुधारणा होत गेल्या आणि आज आपल्या हाती असलेले भाषांतर घडत आले.

केरींचे काम बाजूला पडले म्हणून ते वाया गेले, असे कोणी समजू नये. सोनाराच्या दुकानातील राख व केर विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात. पुढील प्रत्येक भाषांतरकाराने जुन्या भाषांतरांच्या बाबतीत हेच काम केले आहे. आम्हांला केरींविषयी आदर वाटतो तो दुसऱ्याच एका कारणाने. त्यांच्या बंगाली नव्या कराराची पहिली आवृत्ती १८०१ साली निघाली, आणि १८३४ साली मृत्यू येईपर्यंत ते ती पुन्हा पुन्हा तपाशीत व बदलीत राहिले. आपण एकदा छापलेले वाक्य बदलणे हे किती जड जाते, हे ज्याने दोन ओळी छापल्या आहेत त्याला ठाऊक आहे.

या इतिहासात पंडिता रमाबाईंचे भाषांतर अगदी वेगळे उभे आहे. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या आईच्या तोंडून संस्कृत शिकली, भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या संस्कृत विदुषीने शास्त्राचे भाषांतर केले असते तर ते संस्कृतप्रचुर व्हावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलट. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या, निराधार, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुली व विधवा होत्या. प्रचलित भाषांतरातील जड शब्द त्यांना कळत नाहीत हे पाहून रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र मुळावरून उतरविण्याचे काम अंगावर घेतले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ साली कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः प्रभूकडे गेल्या. भाषांतर तेव्हा पूर्ण झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

जी विद्या मिळविण्यासाठी बालपण वेचले तीच विद्या वाचकाच्या पायापाशी ठेवणे, याहून भाषांतरकाराच्या लीनतेचे मोठे उदाहरण आम्हांला मराठीत माहीत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे भाषांतर मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाले नाही. बहुसंख्य मंडळ्यांच्या हाती बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. याचे कारण रमाबाईंच्या विद्वत्तेत किंवा हेतूत शोधण्यात अर्थ नाही. एका व्यक्तीचे काम, मग ती व्यक्ती कितीही मोठी असो, तिच्यामागे तपासावयास, दुरुस्त करावयास आणि चालवावयास दुसरे कोणी नसले म्हणजे जेथल्या तेथे राहते. समितीचे भाषांतर पुष्कळदा नीरस असते. रमाबाईंच्या भाषांतरातील जिवंतपणा त्यात आढळणार नाही. पण समितीत एकाच्या हट्टाला दुसऱ्याचा अटकाव असतो, आणि पन्नास वर्षांनी तिच्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला तरी असतो. आम्ही उपासनेसाठी समितीचे भाषांतर आणि अभ्यासासाठी त्याच्या शेजारी रमाबाईंचे, असा सल्ला देतो तो याच कारणाने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले ‘सुबोध बायबल’ हेही एकहाती काम आहे आणि ख्रिस्तेतर मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहे. प्रॉटेस्टंट पाळकांनी ते केवळ कॅथॉलिक धर्मगुरूने केले म्हणून दूर ठेवावे, हे आम्हांला पटत नाही.

मग नवे भाषांतर हाती आले असता पाळकाने काय पाहावे? आधी प्रस्तावना वाचावी. अलीकडे दागिन्यावर प्रमाणचिन्ह उमटविण्याची पद्धत आली आहे. २००० साली ती सुरू झाली आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्या चिन्हावरून सोने किती कसाचे हे कळते आणि तपासणीचा माग लागतो. भाषांतराची प्रस्तावना हेच काम करते. भाषांतर इब्री व ग्रीकवरून केले आहे की इंग्रजीवरून, एकाने केले की अनेकांनी, कोणत्या मंडळ्यांचे विद्वान त्यात होते, मूळ पाठाची कोणती आवृत्ती आधाराला घेतली, हे तेथे सांगितलेले असावे. ज्या पुस्तकात यांपैकी काहीच सांगितलेले नाही, ते पुस्तक फुकट मिळत असले, भ्रमणध्वनीवर सहज उघडत असले, तरी व्यासपीठावर नेण्याची घाई करू नये.

चिन्हावरील ९१६ या आकड्याचा अर्थही विचारात घेण्यासारखा आहे. बावीस कॅरट सोन्यात हजार भागांत नऊशे सोळा भाग सोने असते. उरलेले तांबे व चांदी. निव्वळ शुद्ध सोने इतके मऊ असते की त्याचा नित्य वापरावयाचा दागिना टिकत नाही. शब्दास शब्द ठेवून केलेले भाषांतर असेच वाकते. ते मराठी वाक्य म्हणून उभेच राहत नाही. अंगावर घालण्याजोगे भाषांतर करावयाचे तर आपल्या भाषेची रचना, तिचे प्रत्यय, तिचे वाक्प्रचार यांचा धातू त्यात मिसळावाच लागतो. ही उपमा येथेच सोडून द्यावी हे बरे, नाहीतर देवाच्या वचनात हीण असते असे आम्ही म्हणतो असा कोणाचा समज व्हावयाचा. मिसळ किती आहे हे भाषांतरकाराने उघडपणे सांगितले आहे की नाही, एवढेच आम्हांला त्यातून दाखवावयाचे आहे.

पाळकाच्या लीनतेची खरी परीक्षा गाळलेल्या ओव्यांच्या प्रश्नावर होते. नव्या भाषांतरात मार्काच्या शेवटच्या अध्यायातील नवव्या ओवीपासूनचा भाग कंसात असतो, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील सदतिसावी ओवी तळटीपेत जाते, आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील स्वर्गीय साक्षींचे वाक्य नाहीसे झालेले असते. वृद्ध वाचक घाबरतो. शास्त्रातून कोणी तरी चोरी केली असे त्याला वाटते. त्याला हसू नये. शास्त्रात भर घालणे व काढून टाकणे या दोहोंविरुद्धचा इशारा त्याने आपल्याच तोंडून ऐकलेला आहे. घडले आहे ते असे. इरास्मस यांनी १५१६ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्यांच्यापुढे मोजकीच आणि बऱ्याच उत्तरकालीन हस्तलिखिते होती; प्रकटीकरणाच्या प्रतीचे शेवटचे पान नव्हते, तेव्हा त्या ओव्या त्यांनी लॅटिनवरून ग्रीकमध्ये उतरविल्या. पुढील तीन शतके बहुतेक भाषांतरे त्या पाठाच्या वंशातून झाली. नंतर पुष्कळ जुनी हस्तलिखिते उजेडात आली. सीनाय पर्वतावरील मठातून १८५९ साली टिशेनडॉर्फ यांच्या हाती लागलेली प्रत चौथ्या शतकातली आहे. तीत आणि व्हॅटिकनमधील तितक्याच जुन्या प्रतीत मार्काचा शेवटचा भाग आढळत नाही. तेव्हा नव्या भाषांतरकारांनी काढून घेतलेले नाही. नकला करताना मागाहून जे मिळाले असावे त्याकडे त्यांनी बोट दाखविले आहे. दुसऱ्या बाजूने, १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेली यशयाची गुंडाळी त्याआधी उपलब्ध असलेल्या इब्री प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली, आणि पाठ मोठ्या प्रमाणात तोच आढळला. हे दोन्ही सांगावे. पहिलेच सांगून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल, आणि दुसरेच सांगून थांबणे हाही.

अमेरिकेत १९५२ साली सुधारित इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा यशयाच्या सातव्या अध्यायातील ‘कुमारी’च्या जागी ‘तरुण स्त्री’ आली म्हणून एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. इब्री ‘आल्मा’ या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा होतो, आणि प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी हा शब्द घातला; मत्तयाने ग्रीक पाठ घेतला. प्रभूच्या कुमारीपासून झालेल्या जन्माची शिकवण मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतांवर उभी आहे. यशयातील एका शब्दाने ती ढळत नाही. त्या पाळकाचा आवेश प्रामाणिक असेल. पण आपल्या मंडळीला अभ्यासाने जे दोन आठवड्यांत समजावून देता आले असते ते त्याने आगीने दोन मिनिटांत झाकून टाकले. असाच दुसरा टोकाचा पाळक आम्ही पाहतो: ज्या भाषांतरात आपल्या उपदेशाचा मुद्दा अधिक ठसठशीत निघतो ते तो त्या रविवारपुरते उचलतो, आणि पुढच्या रविवारी दुसरे. पानाला आग लावणाऱ्याइतका तो नजरेत भरत नाही, एवढेच.

बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणे ऐकून घेतले आणि ते असेच आहे काय हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. लूक या लोकांची प्रशंसा करतो. आणि पौलाला राग आल्याचा उल्लेख कोठे नाही. ज्या लोकांपुढे इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर होते ते प्रत्यक्ष प्रेषिताची पारख त्या भाषांतरावर करीत होते, आणि प्रेषिताने ती होऊ दिली.

व्यासपीठावरील भाषांतर बदलण्याची वेळ आली तर आम्ही पाळकांना एवढेच सुचवू. निर्णय एकट्याने घेऊ नये. मंडळीच्या वडिलांना बरोबर घ्यावे आणि त्यांच्याबरोबर, ज्यांना सभेत बोलावयाची सवय नाही अशा दोनतीन वाचणाऱ्या स्त्रियांनाही. रूथचे पुस्तक, एखादे स्तोत्र, रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय आणि लूकाचा पंधरावा अध्याय, असे चार निरनिराळ्या तऱ्हेचे भाग जुन्या व नव्या दोन्ही भाषांतरांतून मोठ्याने वाचून घ्यावेत. वाचणारा कोठे अडखळतो आणि ऐकणारा कोठे मान वर करतो याची नोंद ठेवावी. अडखळण्याचे कारण मूळचाच कठीण विचार आहे की भाषांतरकाराचा आडवळणी शब्द, हे नंतर टीकाग्रंथ घेऊन बसून पाहावे. याला दोन महिने लागले तरी चालतील. तोवर जुने वाचन चालू ठेवावे. आणि नवे भाषांतर ठरले तरी जुन्या प्रती गोळा करून कपाटात टाकू नयेत. माळव्यातील ज्या मंडळ्यांत वचन हिंदीतून वाचले जाते तेथे महिन्यातून एखाद्या रविवारी तोच भाग मराठीतून वाचावयास एखाद्या वृद्ध भगिनीला सांगावे, तिच्या स्वतःच्या प्रतीतून. आणि ती वाचीत असता पाळकाने इतरांबरोबर खाली बसून ऐकावे.